‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असे म्हणणे हा अविश्वास आहे का?

निशिगंध (धागाकर्ती)

ख्रिस्ती माणसाने धैर्याने आणि भरवशाने प्रार्थना करावी, याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. बायबलच्या नव्या करारातील इब्री लोकांस पत्रात (४:१६) कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने जाण्याचे सरळ आमंत्रण आहे. माझा प्रश्न त्या धैर्याच्या स्वरूपाविषयी आहे.

एका प्रार्थनागटात दुखणाइतासाठी प्रार्थना करताना मी बरे करण्याची विनंती केली आणि शेवटी ‘तरी तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असे म्हटले. नंतर गटातील एका ज्येष्ठ सभासदांनी मला समजावले, की या एका वाक्याने मी माझीच प्रार्थना पुसून टाकली. त्यांच्या मते मार्काच्या शुभवर्तमानातील ११:२४ या वचनाप्रमाणे, जे मागितले ते मिळालेच आहे असा विश्वास धरून आभार मानायला हवे होते. मार्काच्याच चौदाव्या अध्यायात मात्र येशू, वधस्तंभावरील मृत्यूच्या आदल्या रात्री, गेथशेमाने या ठिकाणी ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ अशी प्रार्थना करतो. दोन्ही वचने एकाच शुभवर्तमानात असल्यामुळे सोयीचे निवडून दुसरे सोडून देता येत नाही.

तर प्रार्थनेतील भरवसा नेमका कशावर ठेवायचा? मागितलेली गोष्ट मिळणारच यावर, की ज्याच्याकडे मागतो त्याच्यावर? आणि व्यवहारात या दोन्हींत खरोखर काही फरक पडतो का?

दीपस्तंभ

येशूने स्वतः तशी प्रार्थना केली असेल, तर तिला अविश्वास म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. माझ्यापुरता प्रश्न येथेच मिटतो.

खडकावरचे_घर

दीपस्तंभ, प्रश्न इतक्या लवकर मिटत नाही. मी त्या ज्येष्ठ सभासदांची बाजू थोडी मांडतो, कारण त्यांचे शब्द कठोर असले तरी त्यामागचे निरीक्षण खरे आहे.

आपल्यापैकी बहुतेक जण ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ हे शब्द समर्पणाने उच्चारत नाहीत, तर पळवाट म्हणून उच्चारतात. काही घडले नाही तर आपला हिरमोड होऊ नये आणि चारचौघांत देवाचीही लाज राखली जावी, एवढीच ती तजवीज असते. याकोबाच्या पत्रात मात्र स्पष्ट लिहिले आहे, की मागणाऱ्याने काही संशय न धरता विश्वासाने मागावे, आणि संशय धरणारा वाऱ्याने हेलकावणाऱ्या समुद्राच्या लाटेसारखा असतो (१:६). शुभवर्तमानांत येशू लोकांना पुन्हा पुन्हा सांगतो, ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे.’ आंधळ्या बार्तीमयाला तर तो उलट विचारतो, की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे (मार्क १०:५१). बार्तीमयाने ‘आपल्याला योग्य वाटेल ते करा’ असे म्हटले नाही. त्याने दृष्टी मागितली. लोक गप्प राहण्यासाठी दटावत असताना तो अधिकच मोठ्याने ओरडत होता. आपल्या प्रार्थनांमधून ते ओरडणे नाहीसे झाले आहे, असे मला वाटते.

हस्तलिखित

खडकावरचे_घर यांचा पळवाटीचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु शुभवर्तमानांतील एका माणसाला ते विसरले. मार्काच्या पहिल्याच अध्यायातील कुष्ठरोगी गुडघे टेकून म्हणतो, ‘आपली इच्छा असली तर मला शुद्ध करायला आपण समर्थ आहात.’ येशू त्याला अविश्वासाबद्दल दोष देत नाही. तो हात पुढे करून त्याला स्पर्श करतो आणि म्हणतो, ‘माझी इच्छा आहे, शुद्ध हो.’

त्याच शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील बाप त्याच्याशेजारी ठेवून पाहा. आपल्या मुलासाठी विनवणी करताना तो म्हणतो, ‘आपल्याच्याने काही करवत असेल तर आमच्यावर दया करा.’ या ‘तर’वर मात्र येशू त्याला तिथल्या तिथे अडवतो. म्हणजे ‘तुझी इच्छा असेल तर’ आणि ‘तुला जमत असेल तर’ ही दोन अगदी वेगळी वाक्ये आहेत. पहिल्यात देवाच्या सामर्थ्याविषयी कणभर शंका नाही आणि त्याचे स्वातंत्र्य मान्य केलेले आहे. दुसऱ्यात शंका सामर्थ्याविषयीच आहे. दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात शद्रख, मेशख व अबेद्नगो हे तिघे नबुखद्नेस्सर राजाला हेच ऐकवतात: आमचा देव आम्हांला धगधगत्या भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, पण त्याने तसे केले नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीची पूजा करणार नाही. हे ‘तरी’ पळवाट म्हणून बोललेले नाही, कारण ते उच्चारल्यावर पळायला जागाच उरली नव्हती.

संशयात्मा

मी श्रद्धावान नाही, पण धागा आवडीने वाचतो आहे. हस्तलिखित, तुमची विभागणी सुबक आहे. मात्र मत्तयाच्या वृत्तांतात (२६:३९) येशू गेथशेमानेत ‘शक्य असेल तर हा प्याला (म्हणजे पुढे येणारे दुःख व मरण) माझ्यावरून टळून जावो’ असे म्हणतो. मग तोही त्या बापासारखाच सामर्थ्यावर शंका घेत होता का?

हस्तलिखित

नेमका आक्षेप. मार्काने त्याच प्रार्थनेची सुरुवात ‘अब्बा, बापा, तुला सर्वकाही शक्य आहे’ अशी दिली आहे (१४:३६), आणि लूकाने ‘तुझी इच्छा असली तर’ असे म्हटले आहे (२२:४२). तिन्ही एकत्र वाचल्यावर मत्तयातील ‘शक्य’ पित्याच्या बळाविषयी नसून त्याच्या संकल्पाविषयी आहे, हे ध्यानात येते. ज्या कामासाठी येशू आला ते काम मोडून न टाकता हा प्याला टळणे शक्य आहे का, असा तो प्रश्न आहे. एवढे असूनही त्याने विनंती स्पष्ट शब्दांत केली आणि तीच विनंती घेऊन तो तीनदा पित्याकडे गेला, हे खडकावरचे_घर यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. त्याचे समर्पण मागणे गिळून टाकणारे नव्हते.

टिवल्याबावल्या

मोठमोठ्या विश्वासाच्या गोष्टी चालल्या आहेत, म्हणून प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२ ची आठवण करून देतो. येशूचा प्रेषित पेत्र तुरुंगात आहे आणि मंडळी त्याच्यासाठी एकाग्रतेने प्रार्थना करीत आहे. देवदूत त्याला सोडवतो, पेत्र घराशी येऊन दार ठोठावतो, रुदा नावाची मुलगी त्याचा आवाज ओळखून आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते, आणि प्रार्थना करणारी ती विश्वासू मंडळी तिला म्हणते, ‘तू वेडी आहेस.’ तिने हट्ट धरल्यावर ‘तो त्याचा दूत असेल’ असा खुलासाही देते. बिचारा पेत्र बाहेर ठोठावतच राहतो! ‘मिळालेच आहे असे धरून चाला’ या कसोटीवर ती अख्खी मंडळी नापास झाली असती. पेत्र मात्र सुटला होता.

निळी_शाई

टिवल्याबावल्या, प्रसंग छान सांगितलात, पण त्याच अध्यायाचे दुसरे वचन विसरू नका. त्यात हेरोद राजा योहानाचा भाऊ प्रेषित याकोब याला तलवारीने ठार मारतो. याकोबासाठी मंडळीने कमी विश्वासाने प्रार्थना केली होती, असे त्या पुस्तकाचा लेखक लूक लिहीत नाही. तो काहीच कारण देत नाही. एक प्रेषित मारला गेला आणि दुसरा सुटला, एवढेच त्याने शेजारी शेजारी लिहून ठेवले आहे.

हे मी सहज लिहीत नाही. माझ्या अगदी जवळच्या व्यक्तीच्या दीर्घ आजारात एका मंडळीतील लोकांनी आम्हांला आठवडोन्‌आठवडे सांगितले, की शंकेचा एक शब्दही तोंडातून निघता कामा नये. परिणामी घरात कोणी मृत्यूविषयी बोलू शकले नाही आणि निरोपही घेता आला नाही. आजारी माणसालाच इतरांच्या विश्वासाची राखण करावी लागत होती. ती व्यक्ती गेल्यानंतर, कोणाचा विश्वास कमी पडला याचीही चर्चा झाली. याकोबाच्या पत्रात (५:१५) ‘विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील’ असे आहे हे मला ठाऊक आहे. परंतु तेथे प्रार्थना करण्यासाठी मंडळीच्या वडिलांना बोलावलेले आहे. विश्वासाचा भार अंथरुणावरच्या माणसावर टाकलेला नाही. मार्क दोनमधील पक्षाघाती माणसाच्या बाबतीतही, ‘त्यांचा विश्वास पाहून’ म्हणजे त्याला आणणाऱ्यांचाही विश्वास पाहून, येशू बोलतो.

खडकावरचे_घर

निळी_शाई, तुमच्या बाबतीत जे झाले ते क्रूर होते, आणि माझ्या प्रतिसादाचा वापर त्याच्या समर्थनार्थ कोणी करू नये. विश्वासाने मागणे ही एक गोष्ट आहे आणि दुसऱ्याचा विश्वास मोजणे ही दुसरी. तरीही पहिल्या गोष्टीविषयीचे माझे म्हणणे मी मागे घेत नाही.

संशयात्मा

एक माहिती या चर्चेत यायला हवी. हर्बर्ट बेन्सन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ६ रुग्णालयांत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना होईलच असे निश्चित सांगितलेले नव्हते, अशा दोन गटांपैकी एकासाठी प्रार्थना झाली आणि दुसऱ्यासाठी झाली नाही. गुंतागुंतीचे प्रमाण अनुक्रमे ५२ व ५१ टक्के आले, म्हणजे फरक नाही. आपल्यासाठी निश्चित प्रार्थना होत आहे हे ज्यांना माहीत होते, त्या तिसऱ्या गटात ते ५९ टक्के होते. फ्रान्सिस गाल्टनने तर १८७२ मध्येच असा युक्तिवाद केला होता, की राजघराण्यातील लोकांसाठी सर्वत्र प्रार्थना होऊनही ते इतर सुखवस्तू लोकांहून अधिक जगत नाहीत. हे पाहता ‘मिळालेच आहे’ असा भरवसा कशाच्या आधारे ठेवायचा?

टिवल्याबावल्या

तिसऱ्या गटाचे मला आश्चर्य वाटत नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कोणी येऊन ‘तुमच्यासाठी अनोळखी लोक खास प्रार्थनेला बसले आहेत’ असे सांगितले, तर माझाही रक्तदाब वाढेल. प्रकरण इतके हाताबाहेर गेले आहे का, हीच पहिली शंका येईल.

सायंप्रार्थना

टिवल्याबावल्यांच्या विनोदात तथ्य आहे. स्वतः संशोधकांनीही त्या दिशेने विचार केला होता. माझे म्हणणे मात्र वेगळे आहे. त्या अभ्यासाचा निकाल उलट लागला असता, तर ख्रिस्ती म्हणून मला अधिक अडचण वाटली असती. ठरावीक वाक्य ठरावीक दिवस म्हटले की ठरावीक टक्के लाभ होतो असे सिद्ध झाले असते, तर त्याला तंत्र म्हणावे लागले असते. मत्तय ६:७ मध्ये येशू ज्या व्यर्थ बडबडीपासून सावध करतो, ती याच समजुतीतून येते, की आपल्या बोलण्याच्या बळावर आपले ऐकले जाते. संशयात्मांचा प्रश्न ज्या भरवशाला लागू पडतो, तो भरवसा स्वतःच्या मनाच्या जोरावर उभा असतो. इब्री लोकांस पत्रातील धैर्याचा आधार निराळा आहे. जुन्या करारात परमपवित्र स्थानी फक्त प्रमुख याजक जात असे, तेही वर्षातून एकदा आणि रक्त घेऊन. पत्राचा लेखक म्हणतो, की आता येशूच्या रक्तामुळे तेथे जाण्याचे धैर्य सर्वांना मिळाले आहे (१०:१९), आणि आपल्या दुर्बलतेविषयी कळवळा असलेला प्रमुख याजक तेथे आहे (४:१५). यात माझ्या मनाची अवस्था कशी असावी, याची अट कोठे आहे?

आम्हा कॅथलिकांच्या मिस्सामध्ये ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना सुरू करण्यापूर्वी, प्रभूने शिकवले म्हणून आम्ही असे म्हणण्याचे धाडस करतो, अशा अर्थाचे आवाहन असते. देवाला बाप म्हणणे हेच मुळात धाडस आहे, आणि पुढच्या सगळ्या मागण्या त्या धाडसाच्या पोटात येतात.

संशयात्मा

उत्तर प्रामाणिक आहे, पण त्यामुळे तुमचा दावा कधीच खोटा ठरू शकत नाही. १ योहान ५:१४ म्हणते, की आपण त्याच्या इच्छेप्रमाणे काही मागितले तर तो आपले ऐकतो. जे त्याला करायचेच आहे तेच मागितले तर मिळेल, असा याचा अर्थ होतो. मग मागायचे तरी कशाला?

रविवारचा_वाचक

प्रयोगशाळेच्या अर्थाने तो दावा तपासता येत नाही, हे कबूल करावे. कोणाचाही दुसऱ्यावरचा विश्वास तसा तपासता येत नाही. मात्र ‘मागायचे कशाला’ या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेत जुने उत्तर आहे. ऑगस्टीन या बिशपने सुमारे १६०० वर्षांपूर्वी प्रोबा नावाच्या विधवेला प्रार्थनेविषयी पत्र लिहिले होते. देवाला आपली गरज आधीच ठाऊक असते, पण तो जे द्यायला तयार आहे ते घेण्याइतकी आपली इच्छा प्रार्थनेने मोठी व्हावी, असे तो सांगतो.

त्याच्या स्वतःच्या घरातील उदाहरण आणखी बोलके आहे. त्याची आई मोनिका हिने आपला मुलगा समुद्रमार्गे रोमला जाऊ नये म्हणून रडून प्रार्थना केली. तो तिला फसवून रात्रीच निघून गेला. पुढे रोमहून तो मिलानला गेला, तेथील बिशप अँब्रोज याची प्रवचने ऐकली, आणि ३८७ मध्ये त्याच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. आईने त्या रात्री जे मागितले ते देवाने नाकारले, कारण ती नेहमी जे मागत होती ते त्याला द्यायचे होते, अशी त्याची स्वतःची कबुली आहे. मोनिकाने त्या रात्रीची मागणी ‘मिळालीच आहे’ असे घोषित केले असते, तर दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामा किनारा पाहून तिने काय करायचे होते?

निळी_शाई

मोनिकाची गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे. पण ती सांगताना थोडा संकोच हवा, कारण प्रत्येक नकाराच्या मागे असे पुढे उलगडणारे काही दाखवता येत नाही. स्तोत्र ८८ मध्ये शेवटपर्यंत दिलासा येत नाही आणि शेवटची ओळ अंधाराविषयीच आहे. तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे, म्हणजे तीही देवापुढे चालणारी प्रार्थना आहे. देवाने आपले तोंड का लपवले, असा जाब तो स्तोत्रकर्ता देवालाच विचारतो. ज्याच्यावर भरवसा उरलेला नाही त्याला कोणी जाब विचारत नाही.

टिवल्याबावल्या

आपल्याकडे नामदेव आणि जनाबाई विठ्ठलाशी भांडतात, त्या वाचकांना हा सूर अनोळखी नसावा. बायबलमधील दुःखाने पिचलेला ईयोब तर देवाशी पस्तीस अध्याय भांडतो.

हस्तलिखित

पस्तीस नव्हेत. तिसऱ्यापासून एकतिसाव्यापर्यंत, आणि तेही मध्ये मित्रांची व्याख्याने सोसून. पण मुद्दा बरोबर आहे. शेवटी देव म्हणतो, की माझ्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब. नीटनेटकी धार्मिक उत्तरे देणारे मित्र नव्हेत (४२:७).

खडकावरचे_घर

या सगळ्यांत एक बाजू दुर्लक्षित राहते आहे. लूक ११ मध्ये मध्यरात्री मित्राचे दार ठोठावणारा माणूस आणि लूक १८ मध्ये अन्यायी न्यायाधीशाच्या मागे लागलेली विधवा, या दोघांचेही कौतुक त्यांच्या चिकाटीबद्दल आहे. जॉर्ज म्युलरने ब्रिस्टलमध्ये १८३६ पासून अनाथाश्रम चालवले. त्याच्या हयातीत दहा हजारांहून अधिक मुले त्यांत वाढली. त्याने पैशासाठी कोणाकडे हात पसरला नाही. नेमकी गरज देवापुढे मांडली आणि मिळालेले काटेकोरपणे लिहून ठेवले. ‘जे होईल ते होवो’ अशा सुरात प्रार्थना करणाऱ्या माणसाकडून हे काम झाले नसते.

संशयात्मा

म्युलर आपले अहवालही नियमाने छापून प्रसिद्ध करीत असे. देवापुढे मांडलेली गरज लोकांनाही कळत होतीच.

खडकावरचे_घर

चालू गरज तो जाणूनबुजून जाहीर करीत नसे, आणि अहवाल मागील काळाचे असत. तरीही तुमचा आक्षेप पूर्णपणे उडवून लावता येत नाही, हे मान्य. मात्र लोकांच्या हातून दिलेले हे देवाने दिलेले नसते, असे आम्ही कधीच म्हटलेले नाही.

हस्तलिखित

म्युलरच्या चिकाटीला माझा नमस्कारच आहे. पण ज्याच्या अंगावरची फडकी नेऊन रोगी बरे होत असत (प्रेषितांची कृत्ये १९:१२), त्याच पौलाने ‘त्रफिमाला मी मिलेतात आजारी सोडले’ असे लिहिले आहे (२ तीमथ्य ४:२०). स्वतःच्या ‘शरीरातील काटा’ म्हणजे सतावणारी एक पीडा दूर व्हावी म्हणून त्याने तीनदा विनवले, आणि ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर मिळाल्यावर थांबला. चिकाटीला थांबणेही ठाऊक असते. शिवाय इब्री लोकांस पत्रात (५:७) येशूविषयी एक विलक्षण वाक्य आहे. त्याने मोठा आक्रोश करीत व अश्रू गाळीत प्रार्थना केली आणि त्याचे ऐकण्यात आले. प्याला तर टळला नव्हता! ‘ऐकले जाणे’ म्हणजे मागितलेली गोष्ट हाती पडणे एवढाच अर्थ असता, तर त्या लेखकाला हे वाक्य लिहिता आले नसते.

रविवारचा_वाचक

हस्तलिखित यांच्या या वाक्याला जोडून सांगतो. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचा (प्रोटेस्टंट शिकवणीच्या पुस्तकाचा) शेवटचा, १२९ वा प्रश्न ‘आमेन’विषयी आहे. तेथील उत्तराचा आशय असा, की मी हे मागत आहे याची मला मनात जितकी जाणीव आहे, त्याहून अधिक निश्चित ही गोष्ट आहे, की देवाने माझी प्रार्थना ऐकली आहे. निशिगंध यांच्या मूळ प्रश्नाकडे पाहा: येथे खात्री ऐकले जाण्याची आहे आणि तिच्यापुढे स्वतःच्या भावनेचा क्रमांक दुसरा लागतो. मार्टिन लूथरने १५३५ मध्ये आपल्या न्हाव्याला प्रार्थनेविषयी पत्रवजा पुस्तिका लिहून दिली. तिच्यातही, आमेन खणखणीत म्हण आणि देव ऐकतो याविषयी शंका धरू नकोस, असा उपदेश आहे. गप्पा मारता मारता वस्तरा चालवणारा न्हावी गिऱ्हाइकाचे नाक कापील, तसे प्रार्थनेत लक्ष इकडेतिकडे गेल्यास होते, हेही त्याने त्यात सुनावले आहे.

दीपस्तंभ

सुरुवातीला प्रश्न मिटला असे मी लिहिले होते, तरी सगळे प्रतिसाद वाचले. एक शंका राहते. ज्याला यातली कोणतीच खात्री वाटत नाही, त्याने प्रार्थना करू नये का?

सायंप्रार्थना

हस्तलिखित यांनी उल्लेखलेल्या त्या बापाचेच पुढचे वाक्य त्याच्यासाठी आहे: ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ येशूने त्याचा विश्वास पुरेसा होईपर्यंत मुलाला थांबवून ठेवले नाही. आणि शब्दच सुचत नसतील, तर आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असे रोमकरांस पत्रात (८:२६) आहे.

निशिगंध (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. खडकावरचे_घर यांचा पळवाटीचा आरोप मला सर्वांत जास्त लागला, कारण तो निराधार नाही. त्या निमित्ताने प्रभूची प्रार्थना पुन्हा वाचली. तिच्यात ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ ही मागणी शेवटी नाही. ती आधी येते, आणि रोजची भाकर, क्षमा, वाईटापासून सुटका या सगळ्या मागण्या तिच्यानंतर बिनदिक्कत येतात. म्हणजे त्याची इच्छा आधीच मान्य करून मग मोकळेपणाने मागायचे. माझ्या प्रार्थनेत ते वाक्य शेवटी सारवासारव केल्यासारखे येत होते. दुखणाइतासाठी मागताना मी आता ते आरंभी म्हणेन आणि नंतर बरे करण्याविषयी हातचे काही न राखता मागेन. त्या ज्येष्ठ सभासदांना एवढ्याने समाधान होईल की नाही, हे सांगता येत नाही.

खडकावरचे_घर

त्यांचे माहीत नाही, माझे बरेचसे झाले. फक्त गेथशेमानेत ते वाक्य मागणीनंतरच आले होते, हे हस्तलिखित आता लगेच लिहितील.

हस्तलिखित

लिहिणारच होतो. मात्र मत्तय २६:४२ मधील दुसऱ्या वेळच्या प्रार्थनेचे शब्द ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे प्रभूच्या प्रार्थनेतल्या मागणीशी जुळतात, आणि ती त्याने शिष्यांना त्याआधीच शिकवलेली होती. त्यामुळे निशिगंध यांच्या क्रमाला माझी हरकत नाही. याकोब ५ मधील वडिलांना बोलावण्याविषयी, आणि विशेषतः आजारी माणसाने स्वतः काय मागावे याविषयी, निळी_शाई यांनी वेगळा धागा काढावा अशी विनंती आहे.

निळी_शाई

काढते. थोडा वेळ द्या.